पात्याची दुसरी ऊब

फार वर्षांपूर्वी, विजेच्या तारा इतक्या नव्या होत्या की चिमण्यासुद्धा त्यांच्यावर बसायला बिचकत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाभोवती बांबूची बनं होती आणि घरोघरी टोपल्या, सुपं, कणग्या विणल्या जात. बांबू चिरायला चांगला सुरा लागतो. ते सुरे गावातले दोन भाऊ घडवत. आईबाप त्यांना नव्हते. थोरला शांत होता. धाकटा म्हणजे नुसता वारा, एका जागी टिकेल तर शपथ.

लोहाराच्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने भाता चालवायचा, दुसऱ्याने सांडशीत लोखंड धरायचं. धाकट्याला भात्याचा भारी कंटाळा. म्हणून थोरल्याने शहरातून बैलगाडीत घालून विजेची भट्टी आणली. पांढऱ्या विटांची एक पेटी, आत तारांची वेटोळी, बाहेर फिरवायचं एक बटण. धूर नाही, भाता नाही.

"आता तू मोकळा," थोरला म्हणाला.

त्या भट्टीत पातं केशरी लाल होईपर्यंत तापवायचं. लोहचुंबक त्याला चिकटेनासं झालं की आणखी थोडं थांबायचं, आणि मग पातं कोमट करंजतेलात बुडवायचं. चर्रर्र आवाज होई, तेलावर जाळ उठे. धाकट्याला सगळ्या कामात एवढंच आवडे. "मी बुडवणार, दादा, मी!" मग पात्यावर कानस घासून पाहायची. ती चावली नाही, नुसती घसरली, म्हणजे पातं कडक झालं. ते पाहिलं की धाकटा पसार. कधी नदीवर, कधी बनात. दिवस कलल्यावर परत येई तेव्हा सुरे तयार असत. मधल्या वेळात दादा काय करतो हे त्याने कधी विचारलं नाही.

एका थंडीत थोरल्याला ताप आला. गोष्टींमध्ये अशा वेळी माणूस आकाशातला तारा होतो. हा तारा वगैरे काही झाला नाही. तो मेला. सकाळी धाकट्याने त्याचे हात धरले तर ते गार होते.

धाकटा रडला नाही. शेजारणी भाकरी घेऊन आल्या. "ठेवा आणि जा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्याने दारच उघडलं नाही. त्याने भट्टी चालू केली. त्या गावात चांगल्या सुऱ्याला लोक 'थोरल्याचा सुरा' म्हणत. जोवर सुरे बनताहेत तोवर लोक तसं म्हणत राहतील, असं त्याला वाटलं. तोवर दादा पुरता गेला नाही.

त्याने दादासारखंच पातं तापवलं, दादासारखंच तेलात बुडवलं. कानस घसरली. मूठ बसवली, धार लावली आणि सुरे गावात दिले.

थोड्याच दिवसांत टोपल्या विणणारी एक म्हातारी त्याच्या दारात उभी राहिली. गावातल्या सगळ्या विणकरणी तिचं ऐकत. तिच्या हातात सुऱ्याचे दोन तुकडे होते.

"हे बघ तुझं काम. बांबूच्या पेरावर वार केला आणि काचेसारखा फुटला. तुकडा उडून सुनेच्या डोळ्याखाली लागला. बोटभर वर लागता म्हणजे?"

"आणखी कडक करून देतो, मावशी."

"आणखी? अरे, आधी काय कमी कडक आहे? सुराही आणि तूही!" म्हातारीचा आवाज चढला, मग उतरला. "ऐक बाबा. येत्या बाजाराला नदीपलीकडचा सुरेवाला येतोय. तोवर एक धड सुरा मला दाखव. नाही जमलं तर गाव त्याचे सुरे घेईल. पोरीबाळींचे डोळे पणाला लावून तुझं दुःख नाही सांभाळता येणार आम्हाला."

ती गेली. धाकट्याने दाराला कडी घातली.

मोडतं म्हणजे कमी कडक आहे, असा त्याचा हिशेब. त्याने बटण पुढे सरकवलं. पातं केशरीचं पिवळं होईपर्यंत तापवलं, खूप वेळ तापवलं आणि तेलात खुपसलं. मग ऐरणीवर ठेवून हातोडीने हलकेच ठोकलं. ते तडकलं. तुटलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे जाडे दाणे चमकत होते. दुसरं पातं तसंच गेलं, तिसरंही. आता विचारणार कुणाला? पूर्वी काहीही अडलं की तो मान वळवायचा, आणि तिथे दादा असायचा. आत्ताही त्याची मान आपोआप वळली. तिथे भिंत होती.

त्याने हातातली सांडस त्या भिंतीवर भिरकावली.

"झालं समाधान?" कुणीतरी म्हणालं.

कोपऱ्यात पडून राहिलेल्या जुन्या कोळशाच्या पोत्यावर मांजर बसली होती. राखाडी, जाडजूड, एक कान फाटलेली. गोष्टीतली मांजर आहे, बोलणारच.

"तू कुणाची?" धाकट्याने विचारलं.

"मी कशाला कुणाची असेन? मी भट्टीवर झोपायला येते. म्हणजे यायची. हल्ली तुझ्या भट्टीला ऊबच नसते. एकतर अशी तापवतोस की मिशा जळतील, नाहीतर लगेच बंद करतोस. तुझा भाऊ दुपारभर मंद ठेवायचा तिला."

"दुपारभर? कशाला? पातं तर बुडवून झालेलं असायचं."

"ते तू पळून जायचास तोवर. पुढे तो पात्यांना घासून चकचकीत करायचा. भट्टीचं दार उघडून तिला निववायचा. मग मला उचलून वर ठेवायचा. मी बसले तर पाती पुन्हा आत. मी उठले तर अजून गरम आहे, थांबायचं. लोखंडातलं मला काही कळत नाही. ऊब कळते."

धाकटा खाली बसला. "आणि मग?"

"मग काही नाही. बसून राहायचा. मधूनच एखादं पातं काढून दाराशी उजेडात धरायचा. त्याला रंग चढलेला असायचा, कडब्यासारखा पिवळा. मग ते गार होऊ द्यायचा आणि पुन्हा एकदा आत ठेवायचा."

"एकटाच बसायचा?"

"मी नव्हते का?" मांजरीने पंजा चाटला. "माझ्याशी बोलायचा. तुझ्याबद्दलच बहुतेक. 'गेलं आमचं वारं. भूक लागली की येईल.' आणि हसायचा."

धाकट्याने भिंतीपाशी पडलेली सांडस ओढून घेतली. मग उठला आणि कामाला लागला.

एक पातं त्याने पूर्वीसारखं, बेताच्या आचेवर तापवलं आणि बुडवलं. घासून लखलखीत केलं. पण धीर कुठला? मांजर वर बसायच्या आतच त्याने ते भट्टीत सरकवलं. बाहेर काढलं तेव्हा ते मोरपिसासारखं निळं झालं होतं आणि कानस त्याला लोण्यासारखं कापत होती.

"घाई," मांजर म्हणाली. "तुझा भाऊ म्हणायचा तसं अगदी. वारं ते वारंच."

"गप्प बस!"

"मी बसायलाच आले आहे. तुलाच जमत नाही."

दुसऱ्या पात्याच्या वेळी त्याने भट्टीचं दार उघडून ठेवलं आणि वाट पाहिली. मांजर चढली, उतरली, पुन्हा चढली आणि अखेर अंगाचं वेटोळं करून निजली. तेव्हा त्याने पातं आत ठेवलं.

आणि मग करायला काहीच उरलं नाही. भाता नव्हता, हातोडी नव्हती, जाळ नव्हता. दादा गेल्यापासून याच वेळेला तो भीत होता. म्हणून तर तो सारखं काहीतरी ठोकत होता. आता खोलीत दादाचा पाट दिसला. त्याच्या टाचांनी जमिनीत पडलेले दोन खळगे दिसले. कितीतरी दुपारी त्याने या जागी एकट्याने बसून काढल्या होत्या, आणि आपण नदीत दगड फेकत होतो. धाकट्याला उठून पळावंसं वाटलं. तो दारापर्यंत गेलाही. भट्टीकडे पाहिलं आणि परत येऊन बसला.

पातं कडब्यासारखं पिवळं झालं. त्याने ते गार होऊ दिलं, पुन्हा आत ठेवलं आणि पुन्हा बसला.

बाजाराच्या दिवशी नदीपलीकडचा सुरेवाला आपला माल मांडून बसला होता. त्याच्यासमोरच म्हातारीने एक जाड बांबू आडवा टाकला. "दे," ती धाकट्याला म्हणाली. "आणि पोरींनो, मागे सरा. तोंडं झाका."

तिने सुरा नेमका पेरावर हाणला. तो आत रुतला. तिने मूठ धरून जोराने वाकवला. पातं धनुष्यासारखं वाकलं आणि सोडल्यावर सरळ झालं. धारेला खाचसुद्धा पडली नव्हती.

म्हातारीने अंगठ्याने धार चाचपली. तिचा चेहरा निवळला. "हा खरा थोरल्याचा सुरा!"

बायका हसल्या. कुणीतरी टाळी वाजवली. धाकट्याला हेच ऐकायचं होतं, इतके दिवस याच एका गोष्टीसाठी तो झगडला होता. पण ऐकल्यावर त्याने मान हलवली.

"नाही मावशी," तो म्हणाला. "हा मी केला. दादा मेला."

हे त्याने कुणापाशी पहिल्यांदाच म्हटलं होतं. म्हातारी सुरा बाजूला ठेवून त्याच्याजवळ, धुळीतच बसली.

"हो रे बाळा," ती म्हणाली. "मेला."

तेव्हा धाकटा रडला. भर बाजारात, लहान मुलासारखा, नाक न पुसता. म्हातारी काही समजावत बसली नाही. तिने फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

गावाने त्याच्याकडूनच सुरे घेतले, आणि ते मोडले नाहीत. दादा परत आला नाही. दुपारी भट्टी मंद असताना धाकट्याला अजूनही फार एकटं वाटे. पण तो दाराला कडी घालत नसे, आणि कुणी भाकरी आणली तर बसा म्हणे.

तात्पर्य: आगीतून निघून कडक झालेलं पातं असो की माणूस, मंद उबेत थोडा काळ थांबल्याशिवाय ते घाव सोसण्याजोगं होत नाही.