भिवराबाईची ओ

कृष्णेवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. ते दिवस पाहिलेलं आता कुणी उरलं नाही, पण ऐकलेले आम्ही सगळे आहोत.

आमच्या कळंबोशीला नदी ओलांडायची तर भिवराबाई कोळिणीच्या नावेतून. नवरा वारला तेव्हा सासऱ्यानं तिच्या हाती वल्हं दिलं आणि तिनं ते पुन्हा खाली ठेवलं नाही. अंगानं ती किरकोळ होती. पण तिनं अल्याडून हाक घातली की पल्याडच्या शिवारातले बैल माना वर करत, असं म्हणतात.

त्या काळी गावाची एक रीत होती. लांब जाणारा माणूस पल्याड उतरला की लगेच पाठ फिरवत नसे. गावाकडे तोंड करून तो मोठ्यानं आपलं नाव सांगे. मग अल्याडून घरची माणसं ओ देत, "ओऽ, ये रे बाबा!" ती ऐकली की तो वाटेला लागे. ज्याला ओ मिळाली, त्याची वाट कधीतरी घराकडे वळतेच, असं सगळे मानत.

दुसरी रीत नावाड्याची होती. मधल्या धारेत त्यानं तोंड उघडायचं नाही. तिथं जो बोलतो त्याला नदी ठेवून घेते. सासऱ्यानं वल्हं देताना भिवराबाईला एवढंच सांगितलं होतं.

मग जर्मनची लढाई लागली. सरकारची माणसं गावोगाव फिरून जवान पोरं निवडू लागली. कळंबोशीतून पाटलाचा धोंडजी निघाला, गणू रामोशी निघाला, महारवाड्यातला सटवा निघाला आणि भिवराबाईचा एकुलता एक येसबाही निघाला. एरवी नावेत कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असे. त्या दिवशी चौघं खांद्याला खांदा लावून बसले. येसबानं वल्ह्याकडे हात नेला.

"आये, आज मी मारतो."

"गप. पावण्यासारखा बस."

"अगं, जन्मभर तूच मारतीस की!"

"मग आल्यावर मार. मलाबी एकदा पावणीसारखं बसव."

"बसवतो. पण मधी हितं धर, तितं धर करायचं न्हाई," येसबा म्हणाला आणि सगळी नाव हसली.

पाटलाला मोठा अभिमान. त्यानं काठावर ढोलताशे आणवले होते, नळे उडवले होते. पोरं पल्याड उतरली. तिथं थांबलेला जमादार घाई करत होता. भिवराबाईनं नाव माघारी वळवली. नाव नेमकी मधल्या धारेत आली आणि पोरांनी एकेकानं आपलं नाव सांगितलं.

अल्याड ढोल एवढा दणाणत होता की कुणाला काही ऐकू गेलं नाही. ऐकलं ते एकट्या भिवराबाईनं. "येसबाऽ!" तिच्या पोराचा आवाज पाण्यावरून तिच्यापर्यंत आला. तिचे ओठ उघडले आणि तिनं ते मिटून घेतले. आपल्याला नदीनं ठेवून घेतलं तर या पोरांना परत कोण आणणार? काठाला लागते आणि ओ देते, असं म्हणत तिनं वल्हं मारलं. काठावर उतरून ती वळली, तर पल्याड नुसती धूळ होती.

त्या दिवसापासून रोज दिवस मावळताना ती काठावर उभी राहू लागली. चौघांची नावं घेऊन ओ देऊ लागली.

पाटलीणबाई म्हणाल्या, "भिवरे, हाक नसताना ओ देऊ नये गं."

"हाक आली हाय, पाटलीणबाई. ओ ऱ्हायलीया."

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईच धोंडजीसाठी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग गणूची बायको आली.

लढाई संपली आणि एकटा सटवा आला. तो पल्याड लंगडत उभा होता. त्यानं हाकच मारली नाही. भिवराबाईनंच त्याला पाहिलं आणि ती नाव घेऊन गेली.

"हाक का न्हाई मारलीस रं?"

"एकट्यानं कशी मारू, भिवरामाय?"

तिनं त्याला नावेत घेऊन अल्याड आणलं. मग तिनं त्याला पाणी दिलं आणि शेजारी बसली. सटवा सांगू लागला. तिकडं लढाईच्या मुलखात, बसऱ्यालाही नदीच होती, हिच्याहून रुंद. रोज दिवस मावळताना येसबा तिच्या काठावर जाऊन आपलं नाव सांगे. बाकीचे त्याची चेष्टा करत. "अरं, हितं कोण बसलंय ओ द्यायला?" येसबा म्हणे, "आय मधल्या धारेत हाय. काठाला लागली की देती."

भिवराबाईनं पदर तोंडात धरला. ती रडली नाही, असं म्हणतात. पण त्या संध्याकाळी तिची ओ आली नाही. गावाला पहिल्यांदाच तिन्हीसांज सुनी वाटली.

मग तो मोठा पूर आला. नाव दावं तोडून वाहून गेली. सारं गाव काठावर जमलं होतं. दिवस मावळायला आला आणि भिवराबाई एकदम ताठ झाली.

"हाक आली."

"पाण्याचा आवाज हाय तो," पाटील म्हणाला.

"तुमचा धोंडजी पाटील हाय त्यात. ऐका की!"

लोकांना नुसतं पाणी ऐकू येत होतं. तिनं गुऱ्हाळातली गूळ करायची काहील ओढत आणली. पुरात नाव नसली की आमच्याकडे काहिलीत बसून जातात, पण एवढ्या पुरात कुणी जात नाही. सटवानं काहिलीचा कान धरला.

"माय, नगं."

"सोड रं. तवा काठाला लागायची वाट बघितली. आता न्हाई बघत."

काहील गरगरत मधल्या धारेत गेली. तिथं भिवराबाईनं वल्हं थांबवलं. ती उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा मधल्या धारेत बोलली. "ओऽ येसबा! ये रे बाबा! ये धोंडजी! ये गणू!" ती ओ वरच्या डोंगरापर्यंत गेली आणि पाण्याचा आवाज क्षणभर बंद झाला, असं म्हणतात. मग अंधारलं.

पाटलीणबाई शेवटपर्यंत काठावर होत्या. त्या सांगत, काहील परत येताना मी पाहिली. वल्हं दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होतं. भिवरा मधोमध बसली होती, पाहुणीसारखी.

सकाळी काहील अल्याडच्या काठाला लागलेली होती. आत पाण्याचा थेंब नव्हता. तिथून चिखलात बुटांचे ठसे गावात गेले होते. पाटलाच्या उंबऱ्यावर ओले बूट उमटले होते, गणूच्या उंबऱ्यावर उमटले होते. भिवराबाईच्या उंबऱ्यावर बुटांच्या शेजारी एक अनवाणी पाऊल होतं. सगळे ठसे आत गेलेले होते. बाहेर आलेला एकही नव्हता.

आता पूल झाला आहे. आमच्या गावातली पोरं अजून फौजेत जातात, पोरीही जाऊ लागल्या आहेत. जाणारा पुलापलीकडे गाडीतून उतरतो आणि नाव सांगतो. त्या वेळी गावात ट्रॅक्टर बंद करतात, लाऊडस्पीकर बंद करतात. ढोल तर वाजतच नाही. ओ पोहोचली असं त्यानं हात वर करून दाखवलं की मगच गाडी हलते.

आणि भादव्यात, पाणी उतरल्यावर, दिवस मावळताना सगळे काठावर जमतात. सुट्टीवर आलेला एखादा जवान पल्याड उभा राहतो आणि न परतलेल्यांची नावं एकेक करून घेतो. त्या त्या घरची माणसं ओ देतात. घर उठून गेलं असेल तर शेजारी देतात. सगळ्यांत शेवटी तो एक नाव घेतो. जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं, पण स्वतः निघाली तेव्हा जिला कुणी ओ दिली नाही, तिचं.

"भिवराऽ!"

आणि लहानथोर सारं गाव एका आवाजात म्हणतं, "ओऽ, ये गं आई!"