उभ्या मोटारीचं तेल

झुंबरगडचे राजे रणधुरंधरराव मोटारीत बसून दरबार भरवत. मोटार जागची हलत नसे, पण इंजिन दिवसभर धडधडत ठेवावं लागे. त्याशिवाय महाराजांना राज्य चालल्यासारखं वाटतच नसे.

होता होता इंजिनातल्या तेलाचं डांबर झालं. ड्रायव्हर येसाजीने नवं तेल मागितलं, तसे महाराज गरजले, "मोटार एक मैल तरी चालली का? मग तेल कशाला बदलायचं? आणि बंद पडली, तर तुला हद्दपार करीन!"

येसाजीची बायको सगुणा महाराजांच्या मुदपाकखान्यात होती. दुपारी तिने महाराजांपुढे रिकामं ताट ठेवलं.

"हे काय गं?"

"सरकार सकाळपासून एक पाऊल तरी चालले का? मग जेवण कशाला?"

"अगं, बसल्या जागीही भूक लागते!"

"मोटारही उभ्या जागीच धापा टाकतेय, सरकार."

महाराजांनी ताटाकडे पाहिलं आणि ते ओरडले, "येसाजी, तेल बदल लवकर! तिकडे भात निवतोय!"