बांधलेली होडी

ही गोष्ट लेकींना सांगायची नाही, त्या रडतात, असं आत्याने मला बजावलं होतं. तरी सांगते.

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि मध्ये एकच होडी. तिला नावाडी नव्हता. दोन्ही काठांवरून तिला एकेक लांब दोर होता. जाणाऱ्याने समोरचा दोर ओढत पलीकडे जायचं आणि उतरल्यावर "सोडली!" अशी हाळी द्यायची. मग अलीकडच्याने होडी ओढून घ्यायची. आजाऱ्याला न्यायचं असेल तरच ती खुंटाला बांधायची. म्हणून दुसऱ्याने मारलेली गाठ कुणी सोडत नसे.

एका गावात एक नवी सून होती. तिचं माहेर पलीकडे. भांडी घासताना तिला माहेरच्या चिंचेचा शेंडा दिसायचा आणि हातातलं भांडं तसंच राहायचं. एके दिवशी सासू म्हणाली, "जा, आईला भेटून ये. पण दिवेलागणीला घरात हवीस."

ती शेतातून धावतच निघाली. पलीकडे उतरली आणि तिने होडी खुंटाला बांधली.

काठावर जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोण आजारी आहे गं?"

"कुणी नाही, आजोबा. पण परतताना होडी मिळाली नाही तर? होडीवर माझाही हक्क आहे ना?"

"आहे की. पण पोरी, तुझी…"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही.

घराला कडी होती. शेजारीण हसली. "अगं वेडे, आई तुझ्याकडेच गेली! पलीकडे उतरून देवळाच्या वाटेने गेली असेल, तू शेतातून आलीस. चुकामूक झाली तुमची."

"मग येईल माघारी," म्हणत ती उंबऱ्यावर बसली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. आई येईना. आईला माझी ओढच नाही का, असं वाटून तिने डोळे पुसायला हात वर केला, तर तळहातावर दोराचा वळ दिसला.

ती नदीकडे पळत सुटली. पलीकडे आई वाळूत बसली होती, हातात दोर धरून.

"सोडली!" गाठ सोडून ती ओरडली. आईने होडी ओढून घेतली, लेकीसकट.

"कधीची बसलीस गं?"

"दुपारपासून. होडी बांधलेली दिसली. म्हटलं, कुणाच्या तरी घरी दुखणं असेल. त्यांचं आधी होऊ दे."

गावात दिवे लागू लागले होते. आईने तिच्या केसांवरून एकदाच हात फिरवला आणि स्वतः होडीत बसली. थोड्या वेळाने पलीकडून हाळी आली, "सोडली!"

तात्पर्य: होडीवर आपला जेवढा हक्क, तेवढाच पलीकडच्याचा. तो दिसत नाही म्हणून तो तिथे नाही, असं समजू नये. उतरल्यावर आपण आधी… आले हं आत्या, आले!