झुंज थांबवायचा मान कुणाचा?

एका गावात माणसं कमी आणि मानकरी जास्त होते. देवापुढे पहिला नारळ फोडायचा मान पाटलांचा, त्याचं पाणी ओंजळीत धरायचा मान गुरवाचा आणि उरलेल्या करवंट्या उचलायचा मान चौगुल्यांचा. या करवंट्यांवरून गुरव आणि चौगुले यांच्या घरांचं आजोबांच्या काळापासून बोलणं बंद होतं. लग्नाच्या पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा हे ठरेपर्यंत भात गार व्हायचा, वाढपी दमून बसायचे आणि नवरदेव आतल्या खोलीत जाऊन चोरून लाडू खायचा.

या गावच्या जत्रेत दरवर्षी ठोशांची झुंज व्हायची. देवळामागच्या माळावर फक्कीने एक गोल रिंगण आखायचं. वरच्या आळीचा एक गडी आणि खालच्या आळीचा एक गडी मुठींना फडकी गुंडाळून आत उतरायचे. दोघांतला एक पडला आणि उठेनासा झाला की झुंज संपायची, आणि जिंकणाऱ्या आळीवर गुलाल उधळायचा.

इथेही मान होतेच. फक्की ओढायचा मान वेगळ्याचा, पाणी शिंपडायचा वेगळ्याचा. रुमाल वर करून झुंज सुरू करायचा मान पाटलांचा होता, ती रंगवायचा मान हलगीवाल्याचा होता आणि झुंज संपल्यावर जखमांना हळद लावायचा मान वैद्यबुवांचा होता.

झुंज मध्येच थांबवायचा मान मात्र कुणाकडेच नव्हता. तो कुणाला हवाच नव्हता. थांबवणाऱ्याच्या हाती काय लागणार? हरणारी आळी म्हणणार, आमचा गडी आत्ता उसळणार होता. जिंकणारी आळी म्हणणार, आमच्या तोंडचा घास काढला. दोन्हीकडून शिव्या, आणि वर चिमूटभर गुलालही नाही. त्यामुळे झुंजी आपल्या आपण संपत आणि गावातल्या बऱ्याच गड्यांना पुढचे दात नव्हते. भाकरी दुधात कशी कुस्करायची, हे या गावात नव्या सुनेला हळद उतरायच्या आधी शिकवत.

एका वर्षी खालच्या आळीतून कुंभाराचा शिदू उतरला. त्याला तालमीतल्या वस्तादांनी घडवलं होतं. खालच्या आळीला कित्येक वर्षांत गुलाल लागला नव्हता, आणि यंदा तो लावीनच, असं वस्ताद गावभर सांगत फिरले होते. शिदूची आई देवळाच्या मागच्या पायरीवर डोळे मिटून बसली होती. लोक ओरडले की ती एक डोळा उघडायची, पोरगा उभा दिसला की पुन्हा मिटायची.

समोर वरच्या आळीचा केरबा लोहार होता. घण मारून मारून त्याचे दंड नुसते फुगले होते. स्वभावाने मात्र इतका गरीब की मांजर आडवं आलं तर थांबून त्यालाच आधी जाऊ द्यायचा.

पाटलांनी रुमाल वर केला, हलगी कडाडली आणि झुंज सुरू झाली. सुरुवातीला शिदू चांगला खेळला. केरबाचे ठोसे चुकवत त्याने दोन-चार रट्टे असे दिले की वरच्या आळीची बोलती बंद झाली. मग केरबाचा एक ठोसा त्याच्या कानशिलावर बसला आणि शिदू आडवा झाला.

"ऊठ, माझ्या वाघा, ऊठ!" वस्ताद ओरडले.

शिदू उठला. धूळ झटकली. पण केरबाकडे जायचं सोडून तो रिंगणाच्या कडेला हलगीवाल्यापुढे गेला आणि हात जोडून म्हणाला, "राम राम मामा. मामी बऱ्या हाईत का?"

लोक खो खो हसले. शिदू तिथून वळला तो थेट पाटलांसमोर जाऊन उभा राहिला. त्यांच्या झुबकेदार मिशांकडे प्रेमाने बघत त्याने विचारलं, "आई, भाकरी झाली का गं?"

मग तर माळावर हसून हसून लोळण. "पोरगं मोठं नकल्या हाय!" कुणीतरी म्हणालं. वस्तादही हसले. हसता हसता त्यांचं लक्ष शिदूच्या डोळ्यांकडे गेलं. एक डोळा पाटलांकडे बघत होता आणि दुसरा भलतीकडेच. पाय लटपटत होते. नक्कल करणाऱ्याचे पाय असे लटपटत नाहीत, हे वस्तादांना कळलं.

ते धावत वैद्यबुवांकडे गेले. "बुवा, पोराचं काय खरं दिसत न्हाई."

"खरं नाहीच," वैद्यबुवा हळद कालवत म्हणाले. "डोक्याला आतून मार बसलाय. आणखी एक ठोसा बसला तर हा पोरगा उठायचा नाही."

"मग थांबवा की झुंज!"

"मी? माझा मान झुंज संपल्यावरचा. संपायच्या आत मी रिंगणात पाय टाकला तर रीत मोडली म्हणून उद्या गुरव माझ्या दारात भांडायला उभा राहील. तुम्ही काळजी करू नका, हळद भरपूर कालवलीय."

वस्ताद पाटलांकडे धावले. पाटील अजून रुमाल वर धरूनच उभे होते. हात भरून आला होता म्हणून दुसऱ्या हाताने त्याला टेकू दिला होता.

"पाटील, रुमाल खाली करा. थांबवा हे."

"वस्ताद, रुमाल वर केला की झुंज सुरू, एवढं आमच्या वडलांनी शिकवलं. खाली केला की काय हुतं ते त्यांनी सांगितलंच न्हाई."

"अवो, पोरगं मरंल!"

"तसं झालं तर वाईटच," पाटील म्हणाले. "पर रीत मोडली तरी वाईटच की."

वस्ताद हलगीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "माझा मान वाजवायचा. मी थांबलो आन पुढच्या साली दुसऱ्यानंच हलगी गळ्यात घातली तर?" आणि त्या नुसत्या विचारानेच घाबरून तो आणखी जोरात वाजवू लागला.

इकडे शिदू हसत हसत केरबासमोर येऊन उभा राहिला होता. हात खाली, छाती उघडी. वरची आळी गर्जत होती, "हाण केरबा! हाण!" केरबाने मूठ उगारली आणि तो तसाच थांबला. मग तो चारी बाजूंना बघून ओरडला, "अवो, कुणीतरी थांबवा की! मी थांबलो तर मी हरलो. आन ह्याला तर आपन कुठं हाय तेच कळंना. तुमी एवढी मोठी माणसं बसलाय कशाला मग?"

मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. चौगुल्यांनी सुचवलं की जत्रा झाल्यावर एक बैठक घ्यावी. गुरव म्हणाला, देवाला कौल लावावा. कौल लावायचा मान कुणाचा, यावरून लगेच कुजबुज सुरू झाली.

"हाण रे!" वरची आळी पुन्हा गर्जली. केरबाने डोळे घट्ट मिटले आणि मूठ मागे नेली.

वस्तादांना भीती वाटली. यंदाही गुलाल जाणार, लोक तोंडावर थुंकणार, तालमीत उद्यापासून कुत्रं फिरकणार नाही, हे सगळं त्यांना दिसलं. पण शिदूचं ते भोळं हसू बघून त्यांना त्याहून जास्त भीती वाटली. "ह्याला मीच उतरवलाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि धोतराचा काच्या सावरत फक्कीची रेघ ओलांडून आत धावले. "थांबा! झुंज थांबली!"

केरबाचा ठोसा वस्तादांच्या खांद्यावर बसला. ते भिंगरीसारखे फिरले, शिदूवर आदळले आणि दोघेही खाली बसले. केरबाने डोळे उघडले, समोर वस्ताद बघून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तोही धपकन खाली बसला. तिघांत कोण हरलं हे कुणालाच सांगता येईना.

वस्तादांनी शिदूला पाठीवर घेतलं. शिदू त्यांच्या कानाशी पुटपुटला, "मामा, बाजार उठला का?"

"उठला बाळा," वस्ताद म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. "चल घरी."

त्या दिवशी दोन्ही आळ्यांनी मिळून वस्तादांना शिव्या दिल्या. एवढं एकमत गावाने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर वस्तादांना बोलावलं. गुन्हा असा की मान नसताना त्यांनी झुंज थांबवली. ते खांद्याला हळद लावून कोपऱ्यात बसले. पण आदल्या दिवशी कुणालाच नको असलेला तो मान एका रात्रीत सगळ्यांना हवासा झाला होता.

"जो सुरू करतो त्योच थांबवतो," पाटील म्हणाले. "मान आमचाच हुता. वस्तादानं त्यो हिसकावला."

"मार किती लागला हे वैद्याला कळतं," वैद्यबुवा म्हणाले. "मान मुळात आमच्या घराण्याचा."

"हलगी थांबली की झुंज थांबती," हलगीवाला म्हणाला. "म्हंजे माझाच की."

आवाज चढले. गुरव आणि चौगुले तर इतके चिडले की भांडणासाठी का होईना, एकमेकांशी बोलले. तेवढ्यात शिदूची आई चावडीच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती म्हणाली, "पाटील, एक इचारायचं हुतं."

"इचार की, बाई."

"काल माझं पोर गेलं असतं, तर तिरडीला पयला खांदा द्यायचा मान कुणाचा हुता?"

पाटील पायातल्या वहाणांकडे बघत राहिले. वैद्यबुवा उपरण्याचं टोक पिळू लागले.

"सांगा की," ती म्हणाली. "एवढं भांडताय, तर ह्यो मान बी कुणीतरी मागा."

एकही मानकरी पुढे आला नाही. मग ती कोपऱ्याकडे वळून म्हणाली, "वस्ताद, शिदू शुद्धीवर आलाय. चला, तुमाला बोलवतोय."

वस्ताद उठले आणि तिच्यामागून निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही.

त्या वर्षापासून गावात नवी रीत पडली. गड्याला रिंगणात उतरवणाऱ्या वस्तादाने त्याच्यावरची नजर काढायची नाही, वैद्याने रेघेला खेटून बसायचं, आणि धोका दिसला की या दोघांतल्या कुणीही कुणालाही न विचारता आत शिरायचं. पुढच्या जत्रेत शिदूने पुन्हा उतरायचा हट्ट धरला. वैद्यबुवा नको म्हणाले, तेव्हा वस्तादांनी त्याला दंडाला धरून लोकांत नेऊन बसवलं. झुंज लवकर थांबली म्हणून लोक कुरकुरले. दोन्ही गडी मात्र आपल्या पायांनी घरी गेले आणि दोघांनीही भाकरी चावून खाल्ली.

लहानांना आणि लहानांचं निमित्त करून वाचणाऱ्या मोठ्यांना, तात्पर्य एवढंच: दुसऱ्याला झुंजायला उतरवणाऱ्यानेच त्याला वेळेवर बाहेर काढायचं असतं, आणि जीव वाचवताना मान कुणाचा हे विचारत बसायचं नसतं.