रिकामा चंद्र

चपला इथेच काढा आणि आत या. फोटो खुशाल काढा, पण भिंतीला हात लावू नका. ही आमच्या गावदेवीच्या मंडपाची भिंत. गेरूवर शिंपल्यांच्या चुन्याने काढलेले हे बारा चंद्र म्हणजे बारा पुनवा. ही नारळी, ही कोजागिरी, ही त्रिपुरी, ही शिमग्याची, ती खालची वटपुनव. शेवटची जाळपुनव. पंचांगात तिला दुसरं नाव असेल, पण आषाढात होड्या वर ओढलेल्या असतात आणि घरोघर जाळी विणत बसतात, म्हणून आमची ती जाळपुनव. आणि कोपऱ्यात जे नुसतं कडं दिसतंय, आत काहीच नाही, तो तेरावा. त्याला नाव नाही. सगळे पाहुणे आधी त्याच्याकडेच बोट दाखवतात, तेव्हा त्याचंच सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा गावात पंचांग नव्हतं. खाडीपलीकडचे जोशीबुवा सणावाराला येऊन तिथी सांगायचे. बाकी सगळा कारभार या भिंतीवर. दर पुनवेला चंद्र उगवला की गावची एक सवाशीण एक चंद्र काढायची. बारा भरले की भिंत गेरूने सारवायची, नारळी पुनवेचा पहिला चंद्र काढायचा, दर्याला नारळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी होड्या लोटायच्या. चंद्र पुरा झाल्याशिवाय एकही होडी पाण्यात जायची नाही.

त्या काळी चंद्र काढायचा मान मोंगीबाईचा होता. तिचा नवरा पोशा नाखवा. हे काम तिला सासूने शिकवलं होतं, आणि मरताना बजावलंही होतं, "बारा झाले तरी आधी दर्याला विचार."

त्या वर्षी पाऊस असा लागला की खाडीला महापूर. जोशीबुवा पलीकडे अडकले. गावातली सुकी मासळी संपली, तांदूळ संपले, लोक कंद उकडून खाऊ लागले. बारा चंद्र भरले होते आणि पुढची पुनव आली. सगळं गाव मंडपात जमलं.

"मोंगे, आज पुनव हाय ना? मंग काढ चांद," बाया म्हणाल्या. "पोरांच्या पोटात कालपासून काय नाय."

मोंगीने भिंत सारवली आणि चंद्र काढायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत पोशाने मंडपासमोरच नारळ दर्याला दिला. लाटेने तो परत आणून टाकला. पुन्हा दिला, पुन्हा परत आला. पाणी अजून गढूळ होतं, लाट उसळत होती. मोंगीला ते दिसलं. हात थांबला तिचा. पोशा हसला आणि म्हणाला, "दर्याला भूक नसंल, आपल्याला हाय."

तिने चंद्र पुरा केला. मनात शंका आली होती, ती ओठावर आली नाही. घरी तिचंही मडकं रिकामंच होतं ना! बाकी कुणी काही म्हणो, मला तिला दोष देववत नाही.

सात होड्या गेल्या. पाच परत आल्या. पोशा नाखव्याची आली नाही.

आठ दिवसांनी पूर ओसरला आणि जोशीबुवा आले. भिंतीवरचा चंद्र पाहून त्यांनी झोळीतलं पंचांग काढून तिथी पुन्हा मोजली. "बाई, हा धोंड्याचा महिना. अधिक श्रावण. नारळी पुनव अजून तीन आठवडे लांब आहे."

मोंगी उठली. हातात शिंपला घेऊन तो चंद्र खरवडू लागली. बोटं रक्ताळली तरी थांबेना. आतला चुना सगळा निघाला, पण कडं भिंतीत मुरलं होतं, ते काही निघेना. शेवटी बायांनी तिचे हात धरले.

खरी नारळी पुनव आली. दर्या निवला होता, पाणी नितळ झालं होतं, पण होडीला हात लावायची कुणाची छाती होईना. चंद्र काढायला दुसरी सवाशीण पुढे होईना. तेव्हा गावचा म्हातारा पाटील मोंगीच्या दारात गेला असं सांगतात. ती म्हणाली, "माझं कपाळ पांढरं. माझा हात आता चालंल काय?"

म्हातारा म्हणाला, "जिचं गेलंय तिनंच काढावा. ती घाई करनार नाय."

मोंगी आली. चुन्यात बोट बुडवून तिने तीनदा विचारलं, "कोनती पुनव?" आणि जोशीबुवांनी तीनदा सांगितल्यावर चंद्र काढला. त्या वर्षी सगळ्या होड्या भरून आल्या.

ते जुनं कडं पुसून टाका, नाहीतर भरून तरी घ्या, असं लोक तिला म्हणायचे. ती म्हणायची, "तो आला का भरीन." म्हातारी होऊन, अंथरुणाला खिळून गेली, तरी तेच म्हणत होती.

आजही आमच्याकडे नारळी पुनवेचा चंद्र विधवाच काढते. भिंत सारवणारी बाई त्या कड्याला वळसा घालून जाते. आणि धोंड्याच्या महिन्यात नवा चंद्र काढत नाहीत, त्या कड्याखाली एक पणती ठेवतात.

गेली नऊ वर्षं नारळी पुनवेचा चंद्र माझी वहिनी काढते. माझा थोरला भाऊ दर्यात गेला तेव्हा पंचांग बरोबर होतं, हवामानाचा अंदाज बरोबर होता, सगळंच बरोबर होतं. ती बोट बुडवते आणि तीनदा विचारते. उत्तर द्यायचा मान माझा. मला तिथी पाठ असते, तरी मी तिन्ही वेळा पंचांग उघडून बघतो. मग ती चंद्र काढते, आणि उरलेला चुना घेऊन थोडा वेळ त्या रिकाम्या कड्यापाशी उभी राहते. भरत मात्र नाही.