कोपरापर्यंतचा रंग

“उद्या महाराज स्वतः रंगाऱ्याकडे जाणार. मग त्याच्याच हौदात…”

श्यामवती नगरीच्या घाटावर राजवाड्यातल्या दोन दासी भांडी घासत होत्या. कुंभाराची बायको कुंडला पायऱ्या उतरताना दिसली, तशा त्या गप्प झाल्या आणि भांडी उचलून चालू लागल्या. ऐकलेले अर्धे राहिले की कुंडलेला घास गोड लागत नसे. उरलेले अर्धे तिने घरी पोचेपर्यंत स्वतःच जुळवले. हौदात बुडवून मारणार, दुसरे काय?

त्या काळी तिथे तुंगसेन नावाचा राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्व रंगाऱ्याच्या कुळात जन्मून कुंडलेच्या भिंतीपलीकडे राहत होता. मंजिष्ठेच्या तांबड्या रंगात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या घरी एक रीत होती. कापडाची चार टोके चौघांनी धरायची आणि ते हौदात एकसारखे फिरवायचे. पूर्वबुद्धांची दहा वचने मोठ्याने म्हणायची. एकेक वचन संपले की कापड उलटायचे आणि सात पाठ झाले की बाहेर काढायचे. आधी काढले तर रंग फिका, उशिरा काढले तर काळपट. सात पिढ्या हे माप बदलले नव्हते.

त्या दहांतले एक वचन असे होते: दुसऱ्याचे घर पेटवून जो शेकतो, त्याची थंडी कधी जात नाही. आणि तुंगसेनाने तर मृगयेचे रान वाढवण्यासाठी वनवासी लोकांची वस्ती जाळली होती. एका वृद्ध भिक्षूने भरसभेत हे वचन म्हटले, ते राजाच्या जिव्हारी लागले. त्याने नगरातले सगळे ताडपत्री ग्रंथ चौकात आणवून जाळले आणि दवंडी पिटवली: हे वचन जो उच्चारील, त्याची जीभ कापली जाईल.

दुसऱ्या रंगाऱ्यांनी तोंडे मिटली. त्यांची कापडे डागाळू लागली. बोधिसत्त्व मात्र रोजच्यासारखा म्हणत राहिला, तोही दार उघडे ठेवून.

घाटावरून कुंडला थेट त्याच्याकडेच गेली. दासींचे सांगितले, स्वतःचे जुळवलेलेही सांगितले. म्हणाली, “अरे भाऊ, मनातल्या मनात म्हण ना. तेवढ्याने का वचन बाटतं?”

बोधिसत्त्व रंगासाठी हिरडा कुटत होता. तो म्हणाला, “ताई, चौघांनी धरलेलं कापड एकाच्या मनावर कसं फिरेल? आणि भ्यालेल्या मनात वचन पळत सुटतं. त्याचं माप राहत नाही.”

“आणि जीभ गेली म्हणजे?”

“ती असेतोवर तर म्हणतो.”

दुसऱ्या दिवशी राजा खरेच आला. वसंतोत्सवासाठी त्याला दोन उत्तरीये रंगवून हवी होती. त्याने बोधिसत्त्वाला विचारले, की हे वचन सोडून दुसरे माप का चालत नाही. राजासोबतचा भाट पुढे सरसावला आणि महाराजांची बिरुदे म्हणून मोजू, असे त्याने सुचवले. पण त्याच आठवड्यात तीन बिरुदे नवी चढली होती. शिवाय महाराज समोर उभे, म्हणून भाटाने प्रत्येक बिरूद चांगले लांबवून म्हटले. पहिले उत्तरीय निघाले ते चिंचोक्याच्या रंगाचे.

कुंपणाशी उभ्या असलेल्या कुंडलेला हसू आवरेना. तिने पदर तोंडाशी धरला.

राजा लाल झाला. “या रंगाऱ्याचं तोंड बांधा,” तो म्हणाला. “शिपायांनो, तुम्ही धरा कापड. बघू, आता वचन कुठून येतं ते. हेही बिघडलं तर याची जीभ इथेच कापा.”

बोधिसत्त्वाचे तोंड बांधले. चार शिपायांनी दुसरे उत्तरीय हौदात सोडले. कोणी इकडे ओढी, कोणी तिकडे. बोधिसत्त्व शांतपणे कापडाकडे पाहत होता. त्याने कुंडलेकडे मान वळवली नाही, की डोळ्यांनी काही मागितले नाही.

कुंडलेला वचने कोणी शिकवली नव्हती. वीस वर्षे भिंतीला कान लावून जे ऐकले, तेवढेच तिचे. तरी ती कुंपण ओलांडून हौदाशी गेली आणि तिने पहिले वचन म्हटले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हटले.

एका शिपायाची आई याच वचनांच्या मापावर भात शिजवायची. त्याचे ओठ हलले. मग दुसऱ्याचे. चौघांचे हात एका लयीत फिरू लागले.

“तुमच्यातलं कोण बोलतंय?” राजा गरजला. घाबरून एका शिपायाने टोक सोडले. भरजरी काठाचे कापड तळाच्या गाळाकडे चालले, तसा राजाने स्वतःच वाकून, कोपरापर्यंत हात घालून ते धरले. पाणी सोसेल इतकेच ऊन होते. बाकीचे तिघे थांबले नाहीत, म्हणून त्यालाही थांबता येईना. कुंडला म्हणत होती आणि राजा कापड उलटत होता. सातव्या पाठात घर पेटवण्याचे वचन पुन्हा आले, तेव्हा त्याचेही ओठ हलले.

उत्तरीय निघाले ते पळसफुलासारखे.

राजाने आपले तांबडे झालेले हात पाहिले. मग त्याने स्वतः बोधिसत्त्वाच्या तोंडाची गाठ सोडली आणि म्हणाला, “पानं जाळली मी. आता कुणाकुणाच्या जिभा कापू?” त्याने दवंडी मागे घेतली आणि वनवाशांना त्यांचे रान परत दिले. जळलेली घरे मात्र त्याला परत देता आली नाहीत. हातांचा रंग महिनाभर उतरला नाही.

राजाने रंगाऱ्याला हौदात बुडवले, असे दूरच्या गावांत पुष्कळ दिवस सांगत असत. कुंडलेच्या कानावर आले की ती सांगणाऱ्याला थांबवून म्हणे, “बुडवले खरे. पण राजाचे हात, आणि तेही कोपरापर्यंतच.”

एवढे सांगून शास्ते बुद्ध भिक्षुसंघाला म्हणाले, “त्या वेळचा तुंगसेन म्हणजे आज पहाटे सर्वांआधी उठून पाठ म्हणणारे आपले स्थविर कोविद. कुंडला म्हणजे भिक्षुणी धवला; अजूनही कोणाचे काय चालले आहे ते तिला विचारा. आणि रंगारी मी होतो. धरलेले न सोडणे, हीच अधिष्ठान पारमिता.”