उरलेली क्लिप

"सेन्सेई, जपानीचं इंग्रजी करणारा, तोही गाड्यांच्या कामातला माणूस… ओळखायचा कसा?"

निहार चाफळकर विचारत होता. पुण्यात त्याची भाषांतराची संस्था होती. उद्या एका मोटार कारखान्याला भाषांतरकाराचं नाव कळवायचं होतं. टेंबे सेन्सेई म्हणजे त्याचे जपानीचे गुरुजी; त्यांची चाळीस वर्षं याच कामात गेली होती. आता ते दुपारचे चाकणला यासीनच्या गॅरेजात चहाला येऊन बसत.

"तू कसा ओळखतोस?" सेन्सेईंनी विचारलं.

"बारा जण आलेत. सगळे जपानीची वरची परीक्षा पास. सगळ्यांना ब्रेक बसवण्याचं एकच पान भाषांतराला दिलं. हा त्यांत सरस." निहारने कागद पुढे केला. "वाचताना एकदाही अडखळायला होत नाही."

सेन्सेईंनी कागद घेतला नाही.

"यासीन, याची गाडी त्याच कारखान्याची आहे. पुढचं चाक काढ. ब्रेक खोल."

यासीनने खोलला. सुटे भाग फडक्यावर मांडले.

"आता तू वाच," सेन्सेई निहारला म्हणाले. "यासीन, हा सांगेल तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही."

"ते तर घरी रोजच करतो, मास्तर."

निहार इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेला. खरंच, कुठे अडखळला नाही. चाक बसलं.

फडक्यावर एक क्लिप उरली. नखाएवढी.

"हिचं काय, साहेब?" यासीनने विचारलं.

निहारने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. क्लिप त्यात नव्हतीच.

सेन्सेईंनी मूळ जपानी पान मागून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. निहारने ती वाचली… पुन्हा वाचली. त्याच्या सरस माणसाला ती कळली नव्हती. त्याने मुकाट्याने गाळली होती.

"एवढीशी तर आहे…" निहार पुटपुटला.

सेन्सेईंनी गाडीची किल्ली त्याच्यापुढे धरली.

"मंचरला घरी जाणार ना? खेडचा घाट लागेल. नीघ."

निहारचा हात पुढे झाला… आणि तिथेच थांबला.

कुणी न सांगताच यासीनने पुन्हा जॅक लावला.

"सेन्सेई… मग उद्या कुणाचं नाव कळवू?"

"उद्या बाराही जणांना इथे बोलाव," सेन्सेई म्हणाले. "आणि सांग, येताना ज्यानं त्यानं आपापलं भाषांतर आणि आपापली गाडी घेऊन यायची."